दोघां सारथ्यांची तुलना

पौष संपत आला, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडील खेड्यांत शंकरपटाचे दिवस येतात. धान घरांत आलेलें असतें, बांध्या मोकळ्या पडलेल्या असतात, आणि वर्षभर जिवापाड जपलेले बैल घेऊन शेतकरी पटावर जमतात. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें हे पट बंद पडले होते. २०२१ च्या डिसेंबरांत अटी घालून परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यांत त्याच न्यायालयानें राज्याचा कायदा ग्राह्य धरिला, आणि गांवोगांवची ती जुनी गर्दी पुन्हा दिसूं लागली. आम्ही पट पाहावयास जातों तेव्हां धांवणाऱ्या जोड्यांइतकेंच आमचें लक्ष कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांकडे असतें. जोडी निशाणापार गेली कीं तरुण मंडळी आरोळ्या ठोकतात, म्हातारे मात्र एकमेकांस हळूच विचारतात, "खरें ओढलें कोणीं? डाव्यानें कीं उजव्यानें?" जूं एक, वाट एक, वेळ एक, बक्षीसही एकच, तरी त्या दोघांत अधिक कोण, हा प्रश्न त्यांच्या मनांतून जात नाहीं.

हाच प्रश्न आमच्या शाळेच्या वसतिगृहांत निराळ्या वेषानें वावरत असतो. मोटारींच्या शर्यतींचें वेड आतां इरई नदीच्या कांठींही येऊन पोहोंचलें आहे. ज्या मुलांच्या गांवीं दिवसांतून एकदांच एस. टी. जाते, त्यांस मोनॅकोच्या वळणांचीं नांवें पाठ आहेत, ह्याचें आम्हांस प्रथम हसूं येई. आतां येत नाहीं. परवां रात्रीं अभ्यासाची वेळ संपल्यावर मुलांचे दोन गट वाद घालीत आमच्याकडे आले व त्यांनीं आम्हांसच पंच नेमिलें. त्यांचा प्रश्न असा: "सर, आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला आणि जपानचा युकी त्सुनोडा हे एकाच संघांत होते, एकाच घडणीची गाडी चालवीत होते. मग एकास फॉर्म्युला वनमध्यें जागा मिळाली आणि दुसऱ्यास मिळाली नाहीं, हा न्याय झाला का?" त्या रात्रीं आम्हीं त्यांस अर्धेंच उत्तर दिलें. उरलेलें ह्या वार्षिकांत देत आहों. कारण प्रश्न मोटारींचा दिसत असला, तरी त्याचा एक हात आमच्या वर्गापर्यंत पोहोंचतो, असें आम्हांस मागाहून कळून आलें.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, मोटारींच्या शर्यतींत दोन सारथ्यांची तुलना करणें वरवर दिसतें तितकें सोपें नाहीं. फॉर्म्युला वन ही ह्या खेळाची सर्वांत वरची पायरी. तेथें प्रत्येक संघ आपली गाडी आपणच घडवितो. कोणाची उत्तम साधते, कोणाची बिघडते. तेव्हां पहिला आलेला सारथी मोठा कीं त्याची गाडी मोठी, हें दुरून पाहणाऱ्यास ओळखतां येत नाहीं. बल्लारपूरच्या रस्त्यानें दोन ट्रक कोळसा घेऊन निघाले, एक कोरा करकरीत व दुसरा वीस वर्षें वापरलेला; जुना मागें पडला म्हणून त्याच्या चालकास नालायक ठरविणें जितकें शहाणपणाचें, तितकेंच हें. परंतु प्रत्येक संघाचे सारथी दोन असतात, आणि त्या दोघांस गाड्या एकाच घडणीच्या मिळतात. इंजिन तेंच, टायर तेच, कारागीर एकाच कारखान्याचे. म्हणून जाणकार लोक एखाद्या सारथ्याची पारख करूं लागले, म्हणजे पहिल्यानें त्याच्या जोडीदाराकडे पाहतात. शंकरपटाच्या जोडींत एक उणीव असते: जूं एकच असल्यामुळें एका बैलाचा उणेपणा दुसऱ्याच्या बळाखालीं झांकून जातो. मोटारींच्या जोडींत गाड्या दोन; तेथें कोणाचें उणें झांकत नाहीं आणि कोणाचें अधिक लपत नाहीं.

आतां आमच्या मुलांनीं पुढें केलेली जोडी घेऊं. जेहान दारूवाला हा मुंबईचा. जन्म १ ऑक्टोबर १९९८ चा. २०११ सालीं फोर्स इंडिया ह्या संघानें देशभर शोध करून जीं तीन मुलें निवडलीं, त्यांत हा एक होता. युकी त्सुनोडाचा जन्म ११ मे २००० चा. म्हणजे तो दारूवालाहून सुमारें दीड वर्षानें लहान. २०१९ सालीं हे दोघेही फॉर्म्युला थ्री ह्या श्रेणींत धांवले, पण निरनिराळ्या संघांतून. दारूवाला होता प्रेमा ह्या बलाढ्य इटालियन संघांत, आणि त्सुनोडा जेन्झर ह्या लहानशा स्विस संघांत. हंगाम संपला तेव्हां दारूवाला १५७ गुण मिळवून तिसरा होता, त्सुनोडा ६७ गुण मिळवून नववा. त्या दिवशीं कोणी पैज लावावयास सांगितली असती, तर आमच्या वसतिगृहांतील एकाही मुलानें त्सुनोडावर आपला पेरू लाविला नसता. मात्र त्या यादींत एक खूण होती, ती उतावळ्या वाचकाच्या नजरेंतून निसटते: त्या वर्षीं पहिले तिन्ही सारथी प्रेमाचेच होते. गाडीचा वांटा किती व हाताचा किती, हें त्या आंकड्यांवरून सांगतां येण्यासारखें नव्हतें.

दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे २०२० सालीं, दोघेही एक पायरी वर, फॉर्म्युला टूमध्यें आले, आणि ह्या वेळीं कार्लिन ह्या एकाच इंग्रज संघांत. दोघांसही रेड बुलच्या होतकरू सारथ्यांच्या योजनेचा आधार होता. दोघांसही ही श्रेणी नवी होती. शिवाय ह्या श्रेणींत सर्वच संघांच्या गाड्या डल्लारा ह्या एकाच कारखान्याच्या व इंजिनें मेकाक्रोमचीं असतात. त्या वर्षीं १८ इंची चाकें प्रथमच आल्यामुळें जुन्या-जाणत्या सारथ्यांनाही कांहीं गोष्टी नव्यानें शिकाव्या लागल्या. इतका सरळ तराजू क्वचितच मिळतो. महामारीमुळें लांबलेला तो हंगाम जुलै महिन्यांत ऑस्ट्रियांत सुरू झाला व ६ डिसेंबरास बहरीनमध्यें संपला. १२ फेऱ्या मिळून २४ शर्यती झाल्या. अखेर मिक शूमाकर २१५ गुणांनीं विजेता ठरला, कॅलम आयलॉट २०१ गुणांनीं दुसरा, आणि त्सुनोडा २०० गुणांनीं तिसरा. दारूवाला ७२ गुण मिळवून बारावा. एकाचे विजय ३, दुसऱ्याचा १. पहिल्या तिघांत येणाऱ्यास फॉर्म्युला वनच्या परवान्यास लागणारे ४० गुण एकदम मिळतात. त्सुनोडास ते मिळाले, व २०२१ च्या मार्चमध्यें तो अल्फाटॉरी ह्या संघाकडून फॉर्म्युला वनमध्यें उतरला. तेव्हां त्या जागा साऱ्या जगांत मिळून वीसच होत्या.

येथें आमचें पहिलें मत स्पष्ट सांगतों. त्या हंगामापुरता त्सुनोडाच सरस होता, आणि जागा त्यास मिळाली हा न्यायच झाला. आमच्या मुलांस हें उत्तर आवडलें नाहीं. आपला माणूस मागें पडला, म्हणजे मन आपोआप सबबी शोधूं लागतें: संघाचा ओढा दुसऱ्याकडे असेल, इंजिन बरें दिलें नसेल, परक्या देशांत आपल्यास कोण विचारतो! परंतु पुराव्यावांचून पुढें केलेली सबब ही त्या माणसाची स्तुति नव्हे. ती त्याची कींव होय. दारूवाला वयानें वडील होता, आदल्या वर्षीं वरच्या क्रमांकावर होता, आणि नव्या श्रेणींत उतरतांना दोघांच्या पायांखालची रेघ एकच होती. १२८ गुणांचें अंतर दैवावर ढकलून कोणाचेंही हित होत नाहीं. ज्यास सुधारावयाचें आहे, त्यानें आधीं "मी हरलों" असें म्हणावयास शिकलें पाहिजे. आणि जे त्याचें बरें इच्छितात, त्यांनीं तें त्यास म्हणूं दिलें पाहिजे.

परंतु एवढ्यावरच थांबणारा मनुष्य तुलना करीत नाहीं. तो फक्त बेरीज वाचतो. बेरजेचा भरंवसा किती धरावा, ह्याचा उत्तम दाखला १९८८ सालच्या फॉर्म्युला वनमध्यें सांपडतो. मॅक्लारेन संघांत तेव्हां फ्रान्सचा आलें प्रोस्त व ब्राझीलचा आयर्टन सेना हे जोडीदार होते. १६ शर्यतींपैकीं १५ ह्या एकट्या संघानें जिंकल्या. ८ सेनानें व ७ प्रोस्तनें. साऱ्या हंगामाचे गुण मिळविले तर प्रोस्तचे होतात १०५ आणि सेनाचे ९४. तरी विजेता ठरला सेना! कारण त्या काळीं नियम असा होता कीं, १६ पैकीं ज्याच्या त्याच्या उत्तम ११ शर्यतींचेच गुण धरावे. तसे धरतां सेनाचे झाले ९० व प्रोस्तचे ८७. सगळ्या शर्यती मोजा, प्रोस्त पुढें. उत्तम तेवढ्या मोजा, सेना पुढें. सर्वांत वेगवान फेरी मारून रांगेच्या अग्रभागीं उभें राहण्याचा मान सेनानें १३ वेळां मिळविला, प्रोस्तनें २ वेळां. मग दोघांत अधिक कोण? सातत्य मोजलें तर एक, झेप मोजली तर दुसरा. नियम हंगामाच्या आधींच सर्वांस ठाऊक होता, म्हणून निकालांत अन्याय झाला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गज बदलला कीं माप बदलतें; म्हणून "कोण सरस?" असें विचारणाऱ्यानें त्याआधीं "कशांत सरस?" हें विचारावें, एवढें मात्र म्हणतों.

हाच विचार मनांत धरून २०२० कडे पुन्हा पाहूं. त्या हंगामांत दर फेरींत दोन शर्यती होत, एक मोठी व एक लहान. मोठी जिंकणाऱ्यास २५ गुण, लहान जिंकणाऱ्यास १५. लहान शर्यतीच्या आरंभीं आदल्या दिवशींच्या पहिल्या आठांची रांग उलटी उभी करीत. आठवा सर्वांच्या पुढें, आणि पहिला आठव्या जागेवर. त्सुनोडाच्या तीन विजयांपैकीं दोन, बेल्जममधील स्पा येथला व बहरीनमधला, मोठ्या शर्यतींतले; तिसरा सिल्व्हरस्टोनच्या लहान शर्यतींतला. स्पा येथें निशाण प्रथम ओलांडलें होतें रशियाच्या निकिता माझेपिननें. परंतु त्यानें त्सुनोडास वाटेबाहेर रेटलें म्हणून पंचांनीं त्याच्या वेळेंत ५ सेकंदांची भर घातली, आणि विजय त्सुनोडाकडे आला. हें सांगतों तें त्याचा विजय लहान करण्यासाठीं नव्हे. वर्षाच्या बेरजेंत सारथ्याचा हात, पंचाचा निर्णय व दुसऱ्याची चूक हीं तिन्ही एकत्र कालवलेलीं असतात, एवढेंच दाखवावयाचें आहे.

दारूवालाच्या हंगामाचा बहुतेक भाग कोरडा गेला. पहिल्या तिघांत उभें राहण्याचा मान त्यास मिळाला, तो बहरीनमधील अखेरच्या पंधरवड्यांत. मग ६ डिसेंबरची चोविसावी, म्हणजे शेवटची शर्यत आली. निशाण प्रथम ओलांडणारी गाडी कार्लिनची होती, आणि तिच्या मागची गाडीही कार्लिनचीच. पहिला दारूवाला, दुसरा त्सुनोडा. २०१७ सालीं ह्या श्रेणीस फॉर्म्युला टू हें नांव मिळाल्यापासून तींतील शर्यत जिंकणारा दारूवाला हा पहिला भारतीय ठरला. वसतिगृहांतील मुलें ही गोष्ट मोठ्या आवेशानें सांगतात, आणि सांगावीच. पण त्यांनीं तिची दुसरी बाजूही सांगावी: आदल्या दिवशींची मोठी शर्यत त्सुनोडानें जिंकली होती, म्हणून ह्या शर्यतींत तो आठव्या जागेवरून सुटला होता. तर त्या दिवशीं अधिक कोण? जिंकणारा, कीं आठव्यावरून दुसऱ्यावर येणारा? पंचास ह्याचें उत्तर द्यावें लागत नाहीं. तो गुण लिहून मोकळा होतो. विचार करणाऱ्यास मात्र तें टाळतां येत नाहीं.

जो न्याय प्रतिकूल आंकड्यास, तोच अनुकूल आंकड्यासही लाविला पाहिजे. २०२२ सालीं दारूवाला त्याच श्रेणींत पुन्हा प्रेमा संघांत आला. त्याचा जोडीदार होता नॉर्वेचा डेनिस हाउगर, आदल्या वर्षीचा फॉर्म्युला थ्रीचा विजेता. हंगामाअखेर दारूवालाचे गुण १२६ व क्रमांक सातवा. हाउगरचे ११५ व क्रमांक दहावा. पाहा, आपला माणूस पुढें! परंतु येथें हातांतील तराजू खालीं ठेवून चालणार नाहीं. हाउगरचें त्या श्रेणींतील तें पहिलें पूर्ण वर्ष होतें, दारूवालाचें तिसरें. विजय हाउगरचे २ होते. दारूवालाचा १, पण तो मोंझाच्या मोठ्या शर्यतींतला. दुसऱ्या वर्षीं दोघेही एमपी ह्या डच संघांत गेले, आणि तेथें हाउगर पुढें राहिला. ज्यानें त्सुनोडापुढची हार मान्य करतांना सबबी शोधल्या, तो हाउगरवरील जीत सांगतांना हे बारकावे सोयिस्करपणें विसरतो. हा पक्षपात खेळांत निरुपद्रवी वाटतो. घरांत, वर्गांत व कचेरींत तोच माणसांचीं मनें मोडतो.

आणखी एक गोष्ट. सरस ठरलेल्या त्सुनोडाचें पुढें काय झालें? २०२१ सालीं अल्फाटॉरींत त्याच्या शेजारीं पियेर गास्ली होता. वर्षाअखेर गास्लीचे गुण ११०, त्सुनोडाचे ३२. २०२५ सालीं जपानच्या शर्यतीपासून त्यास मॅक्स वर्स्टॅपेनच्या शेजारची जागा मिळाली. तेथें तो फारच मागें पडला, आणि २०२६ च्या हंगामासाठीं ती जागा दुसऱ्यास देण्यांत आली. मग २०२० सालचा सरस सारथी २०२१ सालीं एकाएकीं कुचकामी झाला काय? मुळींच नाहीं. जोडीदार बदलला. तुलनेनें निघणारें उत्तर हें नेहमीं "ह्याच्या शेजारीं, ह्या वर्षीं, ह्या गाडींत" अशा तीन शब्दसमूहांनीं बांधलेलें असतें. ते तीन समूह गाळून उरलेलें उत्तर आपण माणसाच्या कपाळावर लिहितों, आणि तेथें चुकतों.

ह्यावरून कोणी म्हणेल, तुलना करणेंच सोडून द्यावें. प्रत्येकानें आपल्यापुरतें पाहावें. हें मत हल्लीं पुष्कळांस गोड वाटतें, पण आम्हांस तें मान्य नाहीं. आणि मोटारींच्या शर्यतींनींच त्याचें उत्तर दिलें आहे. आपण घरीं बसून वर्षाच्या अखेरची बेरीज पाहतों. संघाचे लोक मात्र तुलना करतात ती वळणावळणाची. गाडींत बसविलेलीं यंत्रें क्षणोक्षणींचा वेग टिपतात. ब्रेक कोठें दाबला, किती दाबला, सुकाणूं किती वळविलें, वळणांतून बाहेर पडतांना पुन्हा वेग केव्हां दिला, हें सारें रेषांच्या रूपानें पडद्यावर उमटतें. मग दोघां जोडीदारांच्या रेषा एकीवर एक ठेवून पाहतात. तेथें दिसतें कीं, तिसऱ्या वळणावर एक दहा हात आधींच ब्रेक दाबतो, आणि सातव्यावर दुसरा घाई करून बाहेर फेंकला जातो. जोडीदार नसता, तर ह्या वळणावर याहून वेगानें जातां येतें हें त्यास कळलेंच नसतें. ज्यास आपण प्रतिस्पर्धी म्हणतों, तोच त्याचा आरसा असतो. बेरजेची तुलना सांगते, "तूं मागें आहेस." वळणाची तुलना सांगते, "तूं येथें मागें आहेस, आणि एवढ्यानें आहेस." पहिलीनें मान खालीं जाते, दुसरीनें उद्यांचें काम हातीं येतें.

येथें आमचा एक दोष कबूल करणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या नववीच्या वर्गांत एका बाकावर दोन मुलगे बसत. एक चंद्रपूर शहरांतला. दुसरा भामरागडाकडील, इंद्रावतीच्या खोऱ्यांतील एका गांवचा. सहामाही परीक्षेंत मराठींत पहिल्यास ७१ गुण मिळाले, दुसऱ्यास ४३. उत्तरपत्रिका वांटतांना आम्ही भर वर्गांत म्हणालों, "बाक तोच, पुस्तक तेंच, शिकविणारे आम्हीच, मग ही २८ गुणांची दरी कां?" तो मुलगा कांहीं बोलला नाहीं. आठ दिवसांनीं वह्या तपासतांना त्याची वही आमच्या हातीं आली. प्रत्येक धड्याच्या कडेला बारीक अक्षरांत शब्दांच्या दोन ओळी होत्या: एका ओळींत मराठी शब्द, आणि त्यासमोर देवनागरींत लिहिलेले माडिया शब्द. त्याच्या घरीं माडिया बोलत. शेजारचा मुलगा धडा एकदां वाचीत होता. हा दोनदां वाचीत होता, आधीं भाषा आणि मग धडा. जिला आम्ही एकच गाडी समजलों होतों, ती एकच नव्हती.

वार्षिक परीक्षेंत शहरांतल्या मुलास ७० गुण मिळाले, ह्यास ५८. तो तरीही मागेंच होता. तें आम्ही झांकून ठेवीत नाहीं, आणि त्यानेंही कधीं झांकलें नाहीं. परंतु त्या सहा महिन्यांत एक जागच्या जागीं राहिला आणि दुसरा १५ गुण वर चढला, हें दाखविण्यास आमच्या गुणपत्रकांत रकानाच नव्हता. आम्हीं भर वर्गांत विचारलेला तो प्रश्न मात्र त्याच्या स्मरणांत राहिला असेल, ह्याची टोंचणी आम्हांस अजून आहे. आम्हीं त्याची बेरीज वाचून दाखविली. वळण दाखविलें नाहीं.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. निकालाच्या दिवशीं क्रमांक मोठ्यानें वाचून दाखविण्याची चाल आपण सोडून द्यावी. क्रमांक ज्याचा त्यास कळला म्हणजे पुरे. त्याऐवजीं तपासलेल्या उत्तरपत्रिका मिळाल्यावर दोघां बाकसोबत्यांनीं, दोघांचीही खुषी असेल तर, त्या एक तास एकमेकांस वाचावयास द्याव्या. ज्यास ७१ आहेत, त्यानें ४३ वाल्याच्या पत्रिकेंत आपल्याहून बरें लिहिलेलें एक तरी उत्तर शोधावें. तें बहुधा सांपडतेंच. ज्यास ४३ आहेत, त्यानें आपण कोठें व कशानें मागें राहिलों तें नेमकें पाहावें. आणि गुणपत्रकांत चालू परीक्षेच्या शेजारीं मागच्या परीक्षेचे गुण छापावे, म्हणजे कोण कोठें आहे ह्याबरोबरच कोण कोणीकडे चालला आहे हेंही आईबापांस दिसेल. ह्यास जादा पैसा लागत नाहीं. लागतो एक रकाना व एक तास.

आतां त्या रात्रींच्या प्रश्नाचें उरलेलें अर्धें उत्तर. मुलांनो, ती जागा त्सुनोडास मिळाली हा न्याय झाला, कारण जागा एका वर्षाच्या कामावर मिळते, आणि त्या वर्षीचें काम त्याचें चांगलें होतें. त्यावरून दारूवालाची किंमत ठरली, असें मात्र तुम्ही समजूं नका. पहिल्या वर्षीं ७२ गुणांवर बारावा राहिलेला तो सारथी पुढच्याच वर्षीं ११३ गुणांवर सातवा आला; २०२२ च्या जूनमध्यें सिल्व्हरस्टोन येथें मॅक्लारेनची फॉर्म्युला वन गाडी त्यानें चांचणीसाठीं चालविली; पुढें विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई ह्या स्पर्धेंत २०२३-२४ चा हंगाम मासेरातीकडून धांवला. फॉर्म्युला वनची शर्यत त्याच्या वांट्यास आली नाहीं. हें दुःखाचें आहे, लाजेचें नाहीं.

पटावरचे म्हातारे जोडी जिंकल्यावरही "ओढलें कोणीं?" असें कां विचारतात, हें आम्हीं एकदां त्यांतल्या एकास विचारलें होतें. आम्हांस वाटलें होतें, ते एका बैलाची थोरवी गाणार. म्हातारा म्हणाला, "मास्तर, उद्यां जोडी पुन्हा जुंपायची आहे. कोण कोणत्या बाजूस चांगला चालतो, तें नको का कळायला?"